चिखल्याची फेरी

पिवळा झेंडा हातात आला आणि श्यामकांतांना तो ओल्या चादरीसारखा जड वाटला. झेंड्यावर लिहिलं होतं, ‘एक तास’. उद्या सकाळी डहाणूच्या किनाऱ्यावरून दहा किलोमीटरची दौड निघणार होती. ज्यांना ती तासाभरात पुरी करायची, त्यांनी या झेंड्यामागे राहायचं. झेंडा त्यांनी स्वतः मागून घेतला होता, महिन्यापूर्वी, छाती काढून.

रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं : दहा किलोमीटर, चोपन्न मिनिटं! अंतर स्कूटरवर मोजलेलं. मसोलीतल्या घराच्या फाटकापासून चिखल्यापर्यंत पाच, परत पाच. पण स्कूटर निघाली होती फाटकातून, आणि पाय निघायचे किलोमीटरभर पुढच्या वाळूवरून. एक किलोमीटर जाताना हरवायचा, एक येताना. गेल्या रविवारी मुलीनं पाठवलेलं, अंतर मोजणारं घड्याळ मनगटावर बांधलं, तर ते आठ किलोमीटरवरच थांबलं. आधी त्यांनी घड्याळाला नावं ठेवली. मग सुरूच्या झाडाखाली बसून बोटांवर हिशेब केला, आणि समुद्राकडे बघवेना.

बायको, वसुमती, रोज ओवी जुळवून चिडवायची :

धावे धावे माझा राजा, वारा मागं मागं राही
ओटीवर येता येता, गुडघ्याला तेल पाही

त्या दिवशी मात्र तिनं ओवी म्हटली नाही. एवढंच विचारलं, “अहो, अदितीला सांगितलंत?”

अदिती शेजारची, उधव्याच्या आश्रमशाळेत शिक्षिका. श्यामकांतांच्याच मागे, त्याच वाटेवर धावायला शिकलेली. तिचे दहा किलोमीटरही त्यांनीच दिलेले. “मुलींना सांगून टाक, बाई तासाच्या आत येणार,” हेही त्यांचंच.

सोमवारी त्यांना वाटलं, उगाच पोरीचा हुरूप जाईल. मंगळवारी वाटलं, शर्यतीत पाय आपोआप उचलतात. पुढे असं काही वाटून घेणंही जमेना. फाटकापाशी ती दिसली की ते चपला शोधत घरात शिरायचे.

आता ती किनाऱ्यावरच्या दौडीच्या मंडपातून छातीवर नंबर लावूनच आली.

“काका, झेंडा शोभतो हं तुम्हाला! उद्या मी या काठीला चिकटून. मुली टेम्पोनं येतायत. आमच्या शाळेतली काळी काय म्हणते माहितीये? ‘बाई, तासात नाही आलात तर आम्हाला पळायला लावायचं नाही.’”

“अदिती, थांब जरा. आपली चिखल्याची फेरी... ती दहा नाही गं. आठच आहे.”

“काका, आता शेवटच्या दिवशी घाबरवू नका.”

त्यांनी फाटक, स्कूटर, वाळू, सगळं सांगितलं. तिचं हसू हळूहळू उतरलं.

“म्हणजे मी तासात येत नाही.”

“नाही. मीही नाही.”

“कधी कळलं?”

“रविवारी.”

“आज शनिवार आहे, काका.” फळ्यावर वार लिहावा तसं ती म्हणाली.

त्यांच्या तोंडून ‘सॉरी’ निघायच्या आत तिनं तिथंच उभ्याउभ्या वसतिगृहात फोन लावला.

“काळीला दे... ऐक गं. माझं मोजायला चुकलं. तास नाही, सव्वा तास धर... हो, हरले म्हण! पण येणार ना तुम्ही?”

पलीकडून हशा आला, मग टेम्पोत पुढे कोण बसणार यावरून भांडण. अदितीनं श्यामकांतांचं नाव घेतलं नाही. फोन ठेवून ती पाण्याच्या कडेनं एकटीच चालू लागली. त्यांना हाक मारवली नाही.

मंडपात टेबलाशी भावेश होता, दौडीचं सगळं बघणारा. परत आलेला झेंडा बघून तो म्हणाला, “काय श्यामकाका, पाय मुरगळला वाटतं?”

‘हो’ म्हटलं असतं तर सुटले असते. रांगेत मागे बुकिंग ऑफिसातला सुदर्शन उभा होता, कान टवकारून.

“पाय ठणठणीत आहे,” श्यामकांत म्हणाले, सुदर्शनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “मला जमत नाही. मी आठ धावून दहा सांगत होतो.”