अब्सलमने शिवलेले खोगीर

मी एक जुने खोगीर आहे. मित्रांनो, अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या एका गावात अब्सलम नावाच्या काळ्या कारागिराने मला शिवले. नदीपलीकडे गुलामगिरी होती, आमच्या काठावर नव्हती; तो गुलाम नव्हता. त्याच गावात स्वतंत्र जन्मला होता. वकील जोसाया प्रुएट मला न्यायला आले तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, घोडा दमेल, हे नाही दमायचं."

माझ्यावर बसून वकीलसाहेब गावोगावच्या कोर्टांत गेले, पुढे निवडून येऊन विधानसभेतही गेले. लोक त्यांना वाट देत आणि माझ्या शिवणीवरून हात फिरवत. सुखाचे दिवस होते ते.

त्या काळी आमच्याकडे गोऱ्याविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालत नसे. तो कायदा रद्द करायचा ठराव आला. त्याच्या बाजूने मत देईन, असा शब्द वकीलसाहेबांनी अब्सलमला दिला होता. पण मतदार चिडतील म्हणून त्यांनी हात वर केला नाही. परतल्यावर म्हणाले, "अब्सलम, पुढच्या वर्षी नक्की बघू."

"तुम्ही थांबाल हो साहेब," टाका ओढत तो म्हणाला, "आमची माणसं पळवून गुलाम म्हणून विकणारे थांबतील का?"

नाही थांबले. त्याच उन्हाळ्यात नदीपलीकडचा एक जमीनदार आला आणि अब्सलम आपला पळालेला गुलाम आहे, असे शपथेवर सांगू लागला. अब्सलमच्या बाजूने खटला वकीलसाहेबांनीच लढवला. मी खिडकीबाहेर घोड्याच्या पाठीवर होते. अब्सलमचा जन्म पाहिलेले एकच माणूस हयात होते, त्याची आई केझाया. ती उठली.

"मी जन्म दिलाय त्याला, ह्याच गावात! मला नाही विचारणार, तर कुणाला विचारणार?"

"खाली बस, म्हातारे," न्यायाधीश म्हणाले. "तुझी साक्ष चालत नाही."

निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला. अब्सलमला साखळी घालून माझ्यासमोरून नेले. त्याने मला पाहिले नाही. तो मागे आईकडे पाहत होता. नाव पलीकडे गेली. तो पुन्हा कोणालाच दिसला नाही.

मग वकीलसाहेब झपाटल्यासारखे फिरले. शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले. अखेर कायदा रद्द झाला, तेव्हा ते थेट केझायाच्या दारी गेले.

"मावशी, आता तुमची साक्ष चालेल."

"मग घ्या की," ती म्हणाली.

वकीलसाहेब टोपी काढून पायरीवर बसले. ती सांगू लागली: थंडी किती होती, बाळ कसे रडले, नाव कोणी सुचवले. साहेबांचे खांदे हलत होते.

आज माझे चामडे तडकले आहे. मित्रांनो, मला अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. पण कोणी बोलायला उभे राहिले, तर त्याला खाली बसवू नका.