दोन तक्त्यांची वजाबाकी

नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडणाऱ्या बायकांना सरकार निवारा भत्ता द्यायचं. त्याने खरंच फरक पडतो, की बायका निमूटपणे परत जातात, हे तपासायचं काम ताईकडे होतं. एकेका घराची माहिती, फक्त नावं पुसून, तिच्या संगणकावर आली होती. त्यात तिची धाकटी बहीणही होती, तिळ्या मुलींसकट. ती कुठल्या गावात लपली आहे हे एकट्या ताईला ठाऊक होतं.

गावागणिक तक्ता करताना कुठल्याही रकान्यात दहापेक्षा कमी घरं दिसता कामा नयेत, असा कार्यालयाचा नियम. ताई तो डोळ्यांत तेल घालून पाळायची. अहवाल निघाला. भत्ता मिळाला की बायका परत जात नाहीत हे दिसलं, साहेबांनी पाठ थोपटली. वर म्हणाले, "तिळी असलेली घरं वगळून आणखी एक तक्ता करा. त्यांना जादा भत्ता मिळतो, सरासरी उगाच फुगते." ताईने केला. तोही नियमात बसला आणि काल सकाळी सगळ्यांसाठी खुला झाला.

आज दुपारी डबा उघडताना तिने सहज दोन्ही तक्ते शेजारी मांडले. बाकी सगळ्या गावांचे आकडे तेच होते. फक्त बहिणीच्या गावात एक घर कमी झालं होतं.

एवढ्याशा गावात तिळ्या मुलींचं घर कुणीही बोट दाखवून सांगेल. आणि ही वजाबाकी करणारा माणूसही ताईला चांगला माहीत होता. मेहुणा पूर्वी याच कार्यालयात, तिच्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. "एक तक्ता चुगली करत नाही, दोन मिळून करतात," हे तिला शिकवलं होतं त्यानेच. इतकी हुशार बाई, आणि नेमकं तेवढंच विसरली!

तिने बहिणीला फोन लावला. उचलला भाचीने.

"आई कुठेय गं? दे तिला, लवकर!"

"आई दुकानात गेलीय, फोन घरीच राहिला. मावशी, एक गंमत सांगू?" पोरीला हसू आवरत नव्हतं. ती अगदी हळू बोलायला लागली. "बाबा आलेत. आईला सांगायचं नाही हं. ते दारामागे लपलेत."