वादीतला लाल-पांढरा खांब

मित्रांनो, मी एक जुना, पोक आलेला लोखंडी खांब आहे आणि मला पाण्याची फार भीती वाटते. हसू नका. माझा सगळा जन्म पाण्यातच उभं राहण्यात गेला.

आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत मला कापलं, जोडलं. नंदू नावाच्या रंगाऱ्याने गुडघ्याइतका पांढरा, त्यावर लाल, पुन्हा पांढरा असे पट्टे ओढले. "सरळ उभा राहा हां, लोकांचा जीव आहे तुझ्यावर," असं म्हणून त्याने मला ट्रकवर चढवलं. तेव्हापासून धास्ती लागली ती लागलीच.

इब्रीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक छोटंसं गाव आहे. गावाच्या मधोमध वादी जाते. वादी म्हणजे वर्षभर कोरडा पडलेला, नुसत्या गोट्यांचा ओढा. अलीकडे दुकान आणि इब्रीचा रस्ता. पलीकडे घरं, मशीद, खजुराच्या बागा आणि बागांना पाणी पोचवणारा पाट. दोन्हींना जोडणारा रस्ता वादीतूनच जातो आणि त्याच्या कडेला मी. डोंगरावर पाऊस पडला की इथे लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो. मग सगळं गाव दोन्ही काठांवर जमतं, कॉफीची किटली फिरते आणि एकच प्रश्न विचारला जातो, "खांब काय म्हणतो?" लाल कोरडा असेल तर गाडी घाला. लाल भिजला की थांबा. सख्ख्या भावाचं ऐकणार नाहीत, पण माझं ऐकायचे. मला किती मान होता म्हणून सांगू!

मागच्या पुरात मी मुळासकट उखडलो. काही महिने काट्याकुट्यांत पडून होतो, कुणी विचारलं नाही. शेवटी हुसैनमियाँनी मला शोधलं. ते मूळचे रत्नागिरीचे, गावातले एकुलते दुकानदार. त्यांनी आणि बागवाल्या सालिमने मला उचलून आणलं, पुसलं आणि दगडांचा ढीग रचून त्यावर उभं केलं. दोघांनी मायेने माझ्या पाठीवर थाप मारली. पण मित्रांनो, त्या ढिगामुळे मी हातभर उंच झालो होतो! पाणी कमरेला लागलं तरी लाल कोरडाच दिसणार, माझा पांढरा पट्टा आता खोटं बोलणार होता. हे मला कळत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून मी डोंगराकडेच डोळे लावून असायचो.

आणि एका दुपारी लोंढा आला.

हुसैनमियाँ इब्रीहून नातीला, नूरैनला, शाळेतून घेऊन येत होते. पलीकडे घरी त्यांची लेक तस्नीम होती आणि तिचा तान्हा हमझा तापाने फणफणला होता. औषध गाडीत होतं. फोन वाजला.

"अब्बा, कुठे आहात? अंग नुसतं भाजतंय त्याचं."

"आलो गो, वादीपाशीच आहे."

नूरैनने खिडकीतून मान बाहेर काढली. "नाना, रेड ड्राय आहे! आपण जाऊ शकतो ना?"

पलीकडून सालिमही हात हलवून ओरडला, "यल्ला हुसैन! लाल कोरडा आहे, ये!"

हुसैनमियाँनी माझ्याकडे पाहिलं. किती विश्वासाने पाहिलं! गाडीची पुढची चाकं पाण्यात शिरली. नका येऊ हो, पोर आहे गाडीत, असं मी जीव तोडून ओरडलो, पण लोखंडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? पाणी माझ्या पायाखालचे दगड एकेक करून ओढत होतं. मी पहिल्यांदाच स्वतःला सावरलं नाही. ढीग सरकला आणि मी धाडकन आडवा झालो.

"खलास! बस्स, थांब, थांब!" सालिम किंचाळला. हुसैनमियाँनी करकचून ब्रेक दाबला, गाडी मागे घेतली. नूरैन रडायला लागली.

संध्याकाळी पाणी ओसरलं. हुसैनमियाँ आधी पायीच रस्त्यावर उतरले. रस्त्याकडेच्या कठड्यावरची ओली रेघ त्यांच्या कमरेला लागत होती. ते रेघेकडे बघत राहिले, मग उरलेल्या दगडांकडे. "या अल्ला, आम्हीच केलं हे," एवढंच म्हणाले आणि गाडीपाशी परत येऊन नातीला छातीशी घट्ट धरून बसले. औषध उशिरा पोचलं, पण पोचलं. पहाटे हमझाचा ताप उतरला.

आता माझ्या जागी नवा खांब आहे, सिमेंटमध्ये पक्का रोवलेला. मी दुकानाच्या भिंतीशी टेकून असतो. मित्रांनो, रस्त्याकडेला माझ्यासारखा कुणी दिसला तर नुसता रंग बघून पुढे जाऊ नका. त्याचा पाय कुठे रोवला आहे तेही बघा. आणि पडलेल्याला उभं कराल तेव्हा पूर्वीच्याच जागी, नीट मोजून करा. माया केली तरी मोजायला हवंच.

डोंगरावर ढग आला की हुसैनमियाँ अजूनही दुकान सोडून जातात आणि नव्या खांबाचा पांढरा पट्टा आपल्या गुडघ्याला लावून बघतात. ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.