बापाची रजा

बिरू पिंगळी रेल्वे स्टेशनवर पॉइंट्समन होता, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. त्याच्या बायकोचं, चंदाचं, परभणीच्या दवाखान्यात सिझर झालं आणि मुलगी झाली. चंदाच्या आईचा पाय मोडलेला. तिला वालूरहून येणं शक्य नव्हतं, आणि बिरूच्या म्हाताऱ्या आईला एकटीला सगळं झेपणारं नव्हतं. म्हणून बिरू स्टेशन मास्तर महानंदा मॅडमकडं तीन दिवसांची रजा मागायला गेला.

"तीन दिवसांत टाके तरी वाळतात का रे?" मॅडम म्हणाल्या. "मूल झालं की बापालाबी पंधरा दिवसांची पगारी रजा असते आपल्यात. पितृत्व रजा. घे की ती."

बिरूला हे ठाऊकच नव्हतं. पगार कापणार नाहीत ना, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि अर्ज दिला.

चंदा बाळाला घेऊन घरी आली, बिरूची रजा सुरू झाली, तशी आई केवळाबाई भडकली. "बाळंतीण ती, अन् रजा तुला? तू झालास तवा तिसऱ्या दिशी उठून भाकरी थापल्या मी. लोकं हासतील!"

"हासू दे, माय," म्हणत बिरू लंगोट धुवायला बसला.

केवळाबाई त्याच्याशी बोलेना. तो चंदाला पाठीला हात देऊन उठवायचा, भात टाकायचा, ते ती नुसतं बघायची. मग एका सकाळी तो बाळाला न्हाऊ घालायला लागला आणि तिला राहवलं नाही.

"आरं, तसं न्हवं! मान धर आधी." तिनं त्याचा हात नीट लावून दिला. त्या दिवसापासून न्हाणं दोघं मिळून घालू लागले.

आठवड्यानं बिरूचा बाप आदिनाथ आला. मेंढरं भावाच्या हवाली करून, नातीला बघायला. बिरूनं बाळ पुढं केलं तसा तो मागं सरला. मग कोकरू घ्यावं तसं त्यानं तिला अलगद छातीशी घेतलं.

"तू झालास तवा मी गंगाखेडकडं होतो, मेंढरामागं," तो म्हणाला. "आलो तवा तू बसायला लागला होतास. मला बघून रडलास."

"अन् मी एकली होते," केवळाबाई म्हणाली. "पानी द्यायला बी कुनी न्हवतं."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. आदिनाथनं मान खाली घातली. चंदानं सासूचा हात धरला, तो तिनं धरू दिला.

तेवढ्यात शेजारचे तात्याराव दारातून डोकावले. "बिरू घरीच दिसायलाय? नोकरी गेली का काय?"

"नोकरी कशानं जाती?" केवळाबाई ताडकन म्हणाली. "रजेवर हाय त्यो. पोरगी झालीय त्याला!"

रजेच्या शेवटच्या दिवशी स्टेशनवरचा अमृत आला. त्याच्या बायकोला सातवा लागला होता. चहा पिता पिता त्यानं हळूच विचारलं, "ती रजा मला बी मिळंल का रं?"

"मिळंल की," बिरू म्हणाला. "उद्या ड्युटीवर येतोच हाय. दोघं मिळून मॅडमकडं जाऊ."