काळी पडणारी व्हिस्की

रविवारी सकाळी कोथरूडमधल्या त्या सोसायटीच्या क्लबहाऊससमोर चपलांचा खच पडला होता. आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक बाटली होती. कोणी ती टॉवेलात गुंडाळून आणली होती, कोणी लॅपटॉपच्या पिशवीतून, आणि एका निवृत्त बँक मॅनेजरांनी तर देवळात नारळ न्यावा तशी ती दोन्ही हातांत धरली होती. भिंतीवर पाटी होती: ‘सभागृहात मद्यपान करू नये. केल्यास अपमान होईल.’ सेक्रेटरींनी त्यावर तोड काढली होती. हे मद्यपान नव्हे, शुद्धीकरण आहे.

व्यासपीठावर संतोषनाथ बसले होते. भगवी वस्त्रं नाहीत, जटा नाहीत. पांढरा लिननचा कुर्ता, कॉलरला इवलासा माईक आणि चेहऱ्यावर इन्शुरन्स विकणाऱ्या माणसाचं हसू.

“मी तुम्हाला दारू सोडा म्हणणार नाही,” ते म्हणाले. “ते म्हणायला तुमच्या घरी बायका आहेत.”

सभागृह हसलं. बायकाही हसल्या.

“ऋषी सोम प्यायचे. कुठल्या ऋषीला लिव्हरचा त्रास झाल्याचं पुराणात वाचलंय? नाही. कारण त्यांना शोधन माहीत होतं. अल्कोहोल ही बॉडी आहे, विष हा तिचा ईगो आहे. बॉडी ठेवायची, ईगो काढायचा. यावर जर्मनीत रिसर्च झालाय.”

मग त्यांनी आमोदची बाटली मागवली. आमोद आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि ही सभा त्यानेच भरवली होती. बाटली अठरा वर्षं ओकच्या पिंपात मुरलेल्या स्कॉचची. नाथांनी ती काचेच्या ग्लासात थोडी ओतली, डोळे मिटले आणि तांब्याची एक बोटभर लांब शलाका आत बुडवून फिरवली. सोनेरी व्हिस्की आधी हिरवट झाली, मग निळसर, मग दौतीतल्या शाईसारखी काळीभोर.

मागच्या रांगा बघायला उठून उभ्या राहिल्या.

“अठरा वर्षांचं विष,” नाथ हळूच म्हणाले. त्यांनी चिमूटभर पांढरं भस्म टाकलं, ढवळलं, आणि काळोख विरत विरत व्हिस्की पुन्हा सोन्यासारखी झाली. “आता ही दारू नाही. औषध आहे.”

तिसऱ्या रांगेत बसलेल्या माधवच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, आनंदीने, ते पाहिलं.

आनंदी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाली होती. आमोद तिचाच विद्यार्थी. माधवने खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या तपासणीत हयात घालवली होती आणि निवृत्तीनंतर दुसऱ्या दारूच्या तपासणीला लागला होता, असं तो स्वतःच सांगायचा. दोघांना व्हिस्कीचा नाद होता, पण तो नाद ढोसण्याचा नव्हता. दर शनिवारी संध्याकाळी आमोदकडे चार-पाच जण जमत. तीन-चार बाटल्यांतली घोटघोट समोर ठेवून वास घ्यायचा, पाण्याचे दोन थेंब टाकायचे, पुन्हा वास घ्यायचा आणि भांडायचं. हिच्यात मनुका आहे, हिच्यात ओल्या पोत्याचा वास आहे, ही नुसती जळकी साखर आहे. सगळ्यांत तिखट नाक आनंदीचं. डोळे मिटून ती सांगायची की ही कुठली आणि किती मुरलेली, आणि माधव जिंकल्यासारखा इतरांकडे बघायचा.

मग माधवचे रिपोर्ट आले. डॉक्टर राजनंदिनी वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट होत्या. “काका, लिव्हर खराब झालंय. बंद केलीत तर पुष्कळ जगाल. बंद म्हणजे बंद, वासापुरतीसुद्धा नाही.”

माधवने बंद केली. वास मात्र सोडला नाही. शनिवारी तो लिंबूपाणी घेऊन बसायचा आणि दुसऱ्यांचे ग्लास नाकाशी धरून परत द्यायचा. त्याचे रिपोर्ट सुधारत होते. शनिवार मात्र नासत चालला होता. एखाद्याने काही म्हटलं की माधव म्हणायचा, “मला काय विचारता, मी वास घेणारा माणूस.” अशा माणसासमोर संतोषनाथ आले होते.

शुद्ध झालेली व्हिस्की कागदी कपांतून फिरली. “काय स्मूद झालीय,” बँक मॅनेजर म्हणाले. “घशाला कळलीच नाही,” मागून कोणी म्हणालं. आनंदीने घोट घेतला. आधी जिभेला आंबट लागलं, आणि मागून लोखंडाची चव आली, लहानपणी झोपाळ्याची साखळी चाटल्यावर यायची तशी. तिने कप खाली ठेवला. माधवने आपला रिकामा केला होता.

शेवटी वर्ध्याहून नोकरीसाठी आलेल्या योगेशने भीत भीत आपली बाटली पुढे केली. ती स्वस्तातली होती, मळीच्या स्पिरिटला रंग आणि वास लावलेली. शलाका फिरली. व्हिस्की जराशी मळकट झाली, एवढंच.

“बघा,” नाथ म्हणाले, “साध्या माणसाच्या बाटलीत ईगोच कमी.”

टाळ्या पडल्या. आनंदीच्या मनात मात्र तेच अडकलं. दोन्ही बाटल्यांच्या लेबलांवर मद्यार्काचं प्रमाण तेच होतं. मग विष एकीत एवढं आणि दुसरीत नाही, हे कसं?

माधवने शलाका आणि भस्माची डबी त्याच दिवशी विकत घेतली.

“राजनंदिनीला विचारलंस?” घरी आल्यावर तिने विचारलं.

“तिला काय विचारायचं? तिला गोळ्या माहीत. तू डोळ्यांनी पाहिलंस ना विष?”

“मी काळा रंग पाहिला.”

“तेच ते.”

“तेच ते नव्हे, माधव. कारखान्यात असं नुसतं बघून पास करायचास का माल?”

संध्याकाळी त्याने ग्लास काढला, शलाका फिरवली, भस्म टाकलं आणि कितीतरी महिन्यांनी खुर्चीत टेकून बसला. चेहरा उजळला होता. ते बघून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

एका दुपारी माधव बाहेर गेला असताना तिने जेवणाच्या टेबलावर शनिवारसारखे ग्लास मांडले. एकात जुनी स्कॉच, दुसऱ्यात वाईनच्या पिंपात मुरलेली गडद रंगाची, तिसऱ्यात योगेशकडून मागून आणलेली स्वस्तातली, चौथ्यात वोडका. शलाका फिरवत गेली. स्कॉच काळी झाली. गडद रंगाची त्याहून काळी. स्वस्तातली जेमतेम मळकटली. वोडका होती तशीच राहिली, पाण्यासारखी नितळ, आणि दारू म्हणून ती बाकीच्यांपेक्षा तसूभरही कमी नव्हती.

काळं होत होतं ते लाकडाच्या हिशेबाने. जी लाकडात जास्त मुरलेली, ती जास्त काळी.

तिने स्वयंपाकघरात जाऊन कोरा चहा केला, गार होऊ दिला आणि त्यात शलाका बुडवली. चहाची शाई झाली.

मग तिला आपलंच हसू आलं, आणि ते हसू कडू होतं. हा प्रयोग तिने वर्षानुवर्षं वर्गात करून दाखवला होता. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, चहात असतं, हिरड्यात असतं. त्याला लोखंडाचा क्षार भेटला की काळं होतं. पूर्वी लोक हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे असाच लोखंडाचा क्षार, घालून शाई करत, ती हीच. तिने शलाकेचं टोक पिळून उघडलं: तांब्याची ती शलाका आतून पोकळ होती, टोकाला बारीक छिद्र, आत हिराकसात भिजवलेला बोळा. भस्म तिने जिभेवर ठेवून बघितलं, ते म्हणजे लिंबाचं सत्त्व, किराणा दुकानातसुद्धा मिळेल असं. त्याने शाईचा डाग जातो, तसा तो ग्लासातला रंगही जात होता. दारू होती तिथेच होती. वर आजारी यकृताला रोज लोखंडाचा नैवेद्य.

माधव आल्यावर तिने सगळं पुन्हा करून दाखवलं. त्याने एकेक ग्लास उचलून उजेडात धरला.

“वोडकातलं विष सूक्ष्म असेल,” तो म्हणाला.

“आणि चहातलं?”

“आनंदी, मी बरा आहे. मला भूक लागतेय, झोप येतेय. तुला ते बघवत नाही का?”

तिने शलाका फेकून दिली. त्याने दुसरी आणली. तिने आमोदला फोन केला, तो म्हणाला, “मॅडम, प्रत्येकाची श्रद्धा असते.” तपासणीची तारीख माधवने आधी पुढे ढकलली, मग तो ती विसरूनच गेला. त्याचे पाय सुजू लागले. ते विष बाहेर पडतंय, असं नाथांच्या लोकांनी सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर, सकाळी दात घासताना, माधवला रक्ताची उलटी झाली. बेसिन भरलं.

“घेत होते का?” राजनंदिनीने विचारलं.

“शुद्ध करून घेत होते,” आनंदी म्हणाली. डॉक्टरला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती खाली बघून लिहीत राहिली.

माधव दवाखान्यात असतानाच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये पुन्हा सभा होती. “कोणाला आपला अनुभव सांगायचाय?” नाथांनी विचारलं. आनंदी उठली. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

“माझे यजमान तुमचं औषध घेत होते,” ती म्हणाली. “ते सध्या अतिदक्षता विभागात आहेत. मला सगळ्यांसमोर काही दाखवायचंय.”

वर्गात बोलायची तशीच ती बोलली, आवाज न चढवता. थर्मासमधला कोरा चहा ग्लासात ओतला, त्यात शलाका फिरवली. चहा काळा झाला. कुजबुज सुरू झाली.

“चहातही विष असतंच, माताजी,” नाथ हसून म्हणाले.

तिने वोडका ओतली. शलाका फिरवली. काही झालं नाही.

“वोडका मूळची सात्त्विक.”

“मग माझ्या नवऱ्याला वोडकाच प्यायला सांगायची होती. शोधनाचा खर्च वाचला असता.”

कोणी हसलं नाही. तिने शलाकेचं टोक उघडलं, आतला बोळा बाहेर काढला, शलाका बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि नाथांपुढे धरली. “ही तुमचीच. आता आमोदची स्कॉच काळी करून दाखवा.”

“आत्ता सभेतली कंपनं बिघडली आहेत,” नाथ म्हणाले.

“बरं. मग तुम्ही आधी शुद्ध केलेलीच घेऊ.” तिने टेबलावरच्या शुद्ध व्हिस्कीतला चमचाभर भाग मेणबत्तीवर कोमट केला आणि काडी लावली. योगेशने न सांगता पडदे ओढले. चमच्यावर निळी ज्योत उभी राहिली. “हा जळतोय तो मद्यार्क. लिव्हर खातो तो हाच. तो काळा नसतो, तो दिसत नाही, आणि तो काढला तर बाटलीत उरतं ते रंगीत पाणी. त्यासाठी तुमच्यातला एकही इथे येणार नाही.”

मग तिने हिराकस, टॅनिन आणि लिंबाचं सत्त्व समजावून सांगितलं. नाथ मधेच उठून मागच्या दाराने गेले. त्यांचा माईक तेवढा खुर्चीवर राहिला.

“पण मॅडम,” बँक मॅनेजरांनी विचारलं, “आमचं भस्म उरलंय, त्याचं काय करायचं?”

“आमटीत घाला. कोकम वाचेल.”

दवाखान्यात तिने माधवला सगळं सांगितलं. तो पिवळा पडला होता, बोलताना दम लागत होता.

“टेबलावर दाखवलंस तेव्हाच पटलं होतं मला,” तो म्हणाला. “वोडका नितळ राहिली ना, तेव्हाच. पण तोवर मला माझा शनिवार परत मिळाला होता गं.”

तिने त्याचा हात धरला. त्याला रागवायची वेळ निघून गेली होती. तुळशीच्या लग्नानंतर तो गेला.

संतोषनाथांचं काही बिघडलं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी नवं शिबिर लावलं आणि आता ते चहाही शुद्ध करून देतात. कल्पना आनंदीकडूनच मिळाली. तक्रार द्यायला तिच्याबरोबर एकटा योगेश आला. बाकीच्यांना आपण दारूची बाटली घेऊन त्या सभेला गेलो होतो, हे कागदावर नको होतं.

काही आठवड्यांनी आमोदची बायको, सुरुची, तिच्याकडे आली. “मॅडम, आमोद अजून वापरतो हो शलाका. परवाच्या तपासणीत त्याचेही लिव्हरचे आकडे वाढलेत. तुम्ही एकदा याल?”

आनंदीला जायचं नव्हतं. ती गेली. आमोद शनिवारच्या टेबलाशी बसला होता, समोर एक ग्लास, डबी शेजारी. तिला बघून तो अवघडून उठला.

“बस,” ती म्हणाली. “अकरावीत हा प्रयोग तू स्वतः केला होतास. पूर्ण मार्क दिले होते मी.”

“आठवतंय, मॅडम.”

“तरी?”

त्याने डबीचं झाकण लावलं. मग त्याने खालमानेने विचारलं, “माधवरावांना तुम्ही हे सगळं सांगितलं होतंत?”

“सांगितलं होतं. त्याला पटलंही होतं.”

“मग?”

“मग काय. पटलं, आणि प्यायला. नुसतं पटून लिव्हर सुधारत नाही, आमोद. दारू प्यायची तर ती दारू आहे हे जाणून प्यावी, थोडी प्यावी, आणि डॉक्टर नको म्हणाले की ठेवून द्यावी. जो कोणी सांगेल की हिच्यातलं वाईट मी काढून देतो, त्याला एवढंच विचारावं, कसं काढलंस ते दाखव. त्याने दाखवलं नाही, तर उठून घरी यावं. माधवला मी रोज सांगत होते. तुला आज सांगतेय. ऐक.”