खांद्यावरची दोरी

कूकोमामा सही करणार, हे नेरेइदाने वकीलबाईंना मामाला न विचारताच सांगून टाकलं होतं. त्यात विचारायचं काय? तिच्या लग्नातला लासोचा पाद्रिनो तोच होता. टेक्ससच्या सीमेवरच्या त्या गावात लग्नातल्या प्रत्येक गोष्टीला एक पाद्रिनो, म्हणजे तिचा भार उचलणारा मानकरी, असतो. केकचा वेगळा, अंगठ्यांचा वेगळा, बँडचा वेगळा. पण नवरानवरीच्या खांद्यांवर जो लासोची दुहेरी दोरी घालतो, तो त्या संसाराचा जन्मभराचा पाठीराखा. मामाने दोरी घातली होती आणि मग माइक ओढून घेऊन अख्ख्या हॉलला ऐकवलं होतं, "आजपासून या पोरांचा भार माझ्या खांद्यावर!" लोकांनी डोळे पुसले होते. नेरेइदानेही पुसले होते, आणि त्याचाच आता तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

तिचा नवरा एलेआझार नदीपलीकडून व्हिसावर आला आणि व्हिसा संपल्यावर इथेच राहिला. नेरेइदा जन्माने इथली, त्यामुळे त्याच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा हक्क तिचा. पण हा माणूस उद्या सरकारच्या दारात हात पसरणार नाही, याची हमी म्हणून बायकोला आपली कमाई दाखवावी लागते. नेरेइदाची कमाई कागदावर शून्य. अकरा वर्षं ती मामाच्या बेकरीच्या गल्ल्यावर उभी होती, पण पगार दर शनिवारी मामाच्या खिशातून थेट तिच्या हातात. "घरच्या माणसाला कसली पावती?" असं मामा म्हणायचा. आता ज्याची कमाई कागदावर दिसते अशा कुणीतरी तिच्यासोबत सही करायला हवी होती, तीही शुक्रवारच्या आत. नाहीतर अर्ज फेटाळला जाणार आणि एलेआझारला पूल ओलांडून परत जावं लागणार.

चार महिने मामा म्हणत होता, "करतो की. मी काय पळून चाललोय?" आणि तेच चार महिने एलेआझार पहाटे उठून मामाची भट्टी पेटवत होता. फुकटात. सही मामाच्या हातात होती, तेव्हा बोलणार कोण?

रविवारी चर्चनंतर मामाच्या अंगणात जेवण होतं. मामा निखाऱ्यांवर मांस भाजत होता, ओफेलियामामी तव्यावर तोर्तिया उलटत होती. नेरेइदाने कागद टेबलावर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"मामा, शुक्रवार जवळ आला. आज सही करून टाका."

"जेवणाच्या वेळी सरकारी कागद नको गं पोरी." मामाने चिमट्याने मांस उलटलं. "आणि सही म्हणजे पोरखेळ नाही. उद्या हा तुला टाकून पळाला, तर सरकार माझ्या मानगुटीवर बसेल."

एलेआझारने मान खाली घातली. ते पाहून नेरेइदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पळाला तर? चार महिने तुमची भट्टी पेटवतोय तो! एक दिवस तरी चुकला का?"

"शिकतोय तो. फुकट शिकवलं मी त्याला."

"आणि मला? अकरा वर्षं मला काय शिकवलंत? आज माझी कमाई शून्य दिसतेय ती कुणामुळे?"

"तेव्हा रोख पैसे गोड लागले ना?" मामा हसला. "जा, शोध दुसरा पाद्रिनो. नवऱ्यालाही दुसरीकडे काम बघ म्हणावं. कार्ड नसलेल्याला कोण उभं करतं ते बघूच."

"नेरे, चल," एलेआझार हळूच म्हणाला. ती हलली नाही.

तेवढ्यात मामीने तवा खाली उतरवला.

"बाई गं, याच्या सहीला काडीची किंमत नाही."

"ओफेलिया!" मामा ओरडला.

"जुन्या भागीदाराने कोर्टात खेचलं, तेव्हा जप्ती चुकवायला याने सगळं माझ्या नावावर केलं. बेकरी, घर, ट्रक. कमाई माझी, करही मीच भरते. कागदावर हा तुझ्यासारखाच, शून्य."

नेरेइदा मामाकडे बघतच राहिली. म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. जी सही याला करताच येत नव्हती, तिच्या आशेवर याने तिच्या नवऱ्याला राबवून घेतलं.

"आणि मामी, तुम्हाला हे माहीत होतं? चार महिने?"

"होतं," मामी म्हणाली. "ब्रेड स्वस्तात निघत होता."

या उत्तराने नेरेइदाला मामीचाही तितकाच राग आला. मामी तिच्याकडे न बघता टेबलाशी आली आणि तिने पेन उचललं.

"सही केलीस तर बघ!" मामाने चिमटा आपटला. "बेकरी माझी आहे!"

"मग कोर्टात जाऊन तसं सांग. तुझा भागीदार वाटच बघतोय."

मामा निखाऱ्यांकडे वळला. मामीने पिठाच्या बोटांनीच सही केली. "कराचे कागद उद्या देते वकीलबाईंना."

नेरेइदाने आभार मानले नाहीत. "उद्यापासून माझा पगार चेकने," ती मामीला म्हणाली. "पावतीसकट. आणि हा आता फुकट येणार नाही."

मामीने मान डोलावली.

"एवढं सगळं ज्याच्या जीवावर, त्यालाच विसरलीस?" मामा कळवळून म्हणाला. "तुमच्या खांद्यावर लासो कुणी घातला?"

"तूच घातलास," नेरेइदा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती. "बैलांच्या मानेवरही दोरी मालकच घालतो, मामा. म्हणून काही तो नांगर ओढत नाही."

तिने कागद उचलला आणि एलेआझारचा हात धरून ती फाटकाबाहेर पडली. सोमवारी पहाटे भट्टी पेटवायला मामाला स्वतः उठावं लागलं, आणि पहिला घाणा सगळा जळला.