काळूरामच्या भातातला खार

एकोणीसशे सहासष्ट साली गव्हाणच्या मिठागरवाल्या बळीरामची वेणू बी.एस्सी. झाली. गावकीचा पंच काळूराम म्हणाला, "पनवेलच्या शिकल्यासवरल्या मान्सांना तिचं बोलनं पटलं, तर जाऊ दे मुंबईला एम.एस्सी.ला. नाय तर लगीन."

शिकलीसवरली माणसं म्हणजे आमचं पनवेलचं वाचनालय. एवढा मान आम्हाला पूर्वी कुणी दिला नव्हता. आम्ही सतरंजी झटकून घेतली आणि वेणूचं व्याख्यान ठेवलं.

वेणू बोलली रेडिओलहरी ओतणाऱ्या दीर्घिकांवर. त्यांच्या गाभ्यातून दोन्ही बाजूंना झोत सुटतात, दूरवर प्रचंड ढग फुगतात, भोवतालचा वायू तापतो, ढकलला जातो. गाभा थंडावला तरी ढग लाखो वर्षं लहरी सोडत राहतात. त्यांतले चपळ कण आधी दमतात. कुठले दमले ते पाहून वय काढायचं.

निवृत्त हेडमास्तर उठले. ते प्रत्येक व्याख्यानात उठत.

"गाभा बंद, आणि परिणाम चालू? अन् वय सांगायला तिथं होतं कोण?"

सभा हसली. काळूराम सर्वांत मोठ्यानं. वेणूनं आकडे सांगितले, ते त्या हसण्यात बुडाले.

तेव्हा मागून बळीराम उठला.

"मास्तर, खाडीचं पानी मिठागरात घ्यायला दार असतं, त्याला आमी उघाडी म्हनतो. सात वर्सांमागं माजी उघाडी एक भरतीभर उघडी राह्यली. पानी शेजारच्या भातात गेलं. उघाडी तवाच बंद केली, पन खार अजून हाय. आदी कायच उगवलं नाय, मंग कडंला गवत आलं. आज गवत कुठवर सरकलंय ते बगून मी सांगतो, पानी कवा शिरलं. बगायला तितं कोन नसलं तरी."

शेजारचं भात काळूरामचं होतं.

"बळ्या! सात वर्सं सांगत होतास, भरतीनं बांध फोडला!"

"सांगत होतो."

"आनि आज?"

"आज पोरीचं खरं हाय, ते सांगायचं होतं."

 काळूराम हेडमास्तरांकडे वळून म्हणाला, "मास्तर, पोर बरोबर बोलते. भात माजंच हाय."

हेडमास्तर खाली बसले. उत्तर मिळाल्यावर बसण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

गावकीनं दिलेली शिक्षा म्हणून बळीरामनं त्या उन्हाळ्यात काळूरामच्या बांधावर एकट्यानं माती टाकली. जूनमध्ये वेणू मुंबईला गेली, तरी तो टाकतच होता. रस्त्यानं जाणाऱ्याला, कुणी विचारलेलं नसताना, हाक मारून सांगायचा, "उघाडी माजीच उघडी राह्यली होती बरं का! पोरीच्या लेक्चरात हाय ते!"